ना हरकत प्रमाणपत्राच्या उंबरठ्यावर खेळाडू

चरोदा (जि. दुर्ग, छत्तीसगड) : हावडा-मुंबई लोहमार्गावर रायपूर आणि दुर्ग यांच्या दरम्यान वसलेले चरोदा हे रेल्वेचे गाव आहे. भिलाईचे मार्शलिंग यार्ड आणि विद्युत इंजिनांची शेड हीच या वस्तीची ओळख. येथून पूर्वेला रायपूर लागते, तर पश्चिमेकडे जाणारी गाडी काही तासांत नागपूरला पोहोचते. रायपूर व नागपूर हे दोन्ही विभाग दक्षिण पूर्व मध्य रेल्वेतच मोडत असल्याने रेल्वेच्या हिशेबी चरोदा आणि नागपूर एकाच घरातली आहेत. क्रिकेटच्या हिशेबी मात्र मध्ये राज्याची सीमा आहे. छत्तीसगडच्या संघटनेकडे नोंद झालेल्या खेळाडूला विदर्भाकडून खेळायचे असेल, तर तिकिटाखेरीज आणखी एक कागद जवळ असावा लागतो. तो कागद म्हणजे ना हरकत प्रमाणपत्र.

देशांतर्गत मोसम मार्चमध्ये संपतो आणि पुढचा पावसाळ्याच्या अखेरीस सुरू होतो. मधल्या महिन्यांत मैदाने शांत असली, तरी राज्य संघटनांच्या कार्यालयांत या कागदासाठी अर्ज येत असतात. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या पद्धतीनुसार खेळाडूने आधी आपल्या विद्यमान संघटनेची संमती मिळवावयाची आणि मग नव्या संघटनेने त्याची नोंदणी करावयाची, असा क्रम आहे. बाहेरून आलेले तीनच पाहुणे खेळाडू संघात घेता येतात, ही त्यावरची मर्यादा. नियम कागदावर सर्वांना सारखाच आहे. त्याचे वजन मात्र खेळाडूगणिक बदलते, हे २०२५ च्या उन्हाळ्याने स्पष्ट केले.

गाजलेला उन्हाळा

एप्रिल २०२५ मध्ये यशस्वी जैस्वाल याने मुंबई सोडून गोव्याकडून खेळण्यासाठी प्रमाणपत्र मागितले. कसोटी संघाच्या सलामीवीराने मुंबईसारखा संघ सोडावा, याची साहजिकच चर्चा झाली. गोव्याने नुकताच प्लेट गटात अव्वल ठरून वरच्या गटात प्रवेश मिळविला होता, त्यामुळे तेथे या बातमीचे स्वागत झाले. मुंबईने प्रमाणपत्र दिले. परंतु मे महिन्यात जैस्वालने ते मागे घेण्याची विनंती केली आणि मुंबईने तीही मान्य केली. भदोहीहून लहानपणी मुंबईत आलेल्या या खेळाडूला पहिल्या स्थलांतराच्या वेळी कोणाची हरकत विचारावी लागली नव्हती, कारण तेव्हा तो कोणाच्याच दप्तरी नव्हता.

पृथ्वी शॉ याची गोष्ट निराळी. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या रणजी संघातून वगळल्या गेलेल्या या फलंदाजाने २०२५ मध्ये महाराष्ट्राची वाट धरली. नव्या संघाकडून केरळविरुद्धच्या पहिल्याच रणजी डावात तो शून्यावर बाद झाला. पुढच्या सामन्यात चंडीगडविरुद्ध त्याने १४१ चेंडूंत द्विशतक पूर्ण केले आणि २२२ धावा केल्या. त्याच वर्षी महाराष्ट्राकडे आलेला दुसरा अनुभवी खेळाडू म्हणजे जलज सक्सेना. रणजी स्पर्धेत ६००० धावा आणि ४०० बळी अशी दुहेरी कामगिरी करणारा तो पहिलाच खेळाडू. मूळचा इंदूरचा, मध्य प्रदेशकडून केरळकडे गेलेला सक्सेना महाराष्ट्राचा झाल्यावर पहिल्याच सामन्यात केरळविरुद्ध उभा राहिला. अमरावतीच्या जितेश शर्माने विदर्भ सोडून बडोदा गाठले.

ही सर्व नावे परिचित आहेत. त्यांच्या मागे आयपीएलचे करार आहेत, वृत्तपत्रांचे लक्ष आहे आणि नाराज संघटनेलाही त्यांना अडवून ठेवणे अवघड जाते. कागद मिळाला, नको झाला आणि परतही करता आला, हे जैस्वालच्या बाबतीत घडू शकले. एकोणीस वर्षांखालील संघाच्या राखीव यादीत असलेल्या मुलाला इतके स्वातंत्र्य मिळण्याची शक्यता फारशी नाही.

विदर्भाने काय केले

संघबदलाचा विषय निघाला की 'भाडोत्री खेळाडू' हा शब्द सहज उच्चारला जातो. विदर्भाचा इतिहास पाहिला तर तो शब्द जपून वापरावा असे वाटते. वसीम जाफर मुंबईहून विदर्भाकडे आला तेव्हा त्याची कारकीर्द उताराला लागल्याचे मानले जात होते. २०१७-१८ मध्ये फैझ फझलच्या नेतृत्वाखाली विदर्भाने इंदूर येथे दिल्लीला हरवून पहिला रणजी करंडक जिंकला. पुढच्याच मोसमात तो राखला, आणि त्या मोसमात जाफरने हजाराहून अधिक धावा केल्या. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित हेही मुंबईचेच. परंतु पहिल्या विजेतेपदाच्या अंतिम सामन्यात हॅटट्रिक केली ती रजनीश गुरबाणी या घरच्या वेगवान गोलंदाजाने. हाच गुरबाणी पुढे महाराष्ट्राकडून खेळू लागला, हे या कथेचे आणखी एक वळण.

करुण नायरचा अनुभव याहून बोलका आहे. डिसेंबर २०१६ मध्ये चेन्नईत इंग्लंडविरुद्ध नाबाद ३०३ धावा करणारा हा फलंदाज पुढे कर्नाटकाच्या संघातूनही बाहेर फेकला गेला. २०२३ मध्ये विदर्भाने त्याला जागा दिली. २०२४-२५ च्या रणजी मोसमात त्याने ८६३ धावा केल्या. नागपुरातील अंतिम सामन्यात केरळविरुद्ध त्याने ८६ आणि १३५ धावांच्या खेळी केल्या, विदर्भाने पहिल्या डावातील आघाडीवर तिसरा करंडक मिळविला आणि नायरला २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी कसोटी संघाचे दार पुन्हा उघडले. त्यानंतर तो कर्नाटकात परतला.

पाहुणा निघून गेल्यावर घरात काय उरते, हा येथे खरा प्रश्न आहे. त्याच मोसमात विदर्भाच्या यश राठोडने ९६० धावा केल्या, म्हणजे नायरपेक्षाही अधिक. डावखुऱ्या हर्ष दुबेने ६९ बळी घेऊन एका रणजी मोसमातील बळींचा विक्रम मोडला. अंतिम सामन्यात दानिश मालेवारने १५३ धावा केल्या. पाहुण्याच्या सावलीत घरची झाडे खुरटली नाहीत. गोव्यातही याची एक छटा दिसली होती. डिसेंबर २०२२ मध्ये अर्जुन तेंडुलकरने पर्वरी येथे राजस्थानविरुद्ध रणजी पदार्पणात १२० धावा केल्या. देशभर मथळे त्याचेच झाले. त्याच डावात गोव्याच्या सुयश प्रभुदेसाईने २१२ धावा केल्या होत्या, हे फार थोड्यांच्या लक्षात राहिले.

छत्तीसगडची निराळी वाट

छत्तीसगड राज्य नोव्हेंबर २००० मध्ये अस्तित्वात आले. क्रिकेटमध्ये त्याला स्वतःचे घर मिळण्यास आणखी सोळा वर्षे लागली. तोवर दुर्ग, भिलाई, चरोदा परिसरातील गुणी मुलांपुढे मध्य प्रदेशच्या संघात शिरकाव करणे किंवा दूरच्या शहरात नशीब आजमावणे, हेच मार्ग होते. भिलाईचे ऑफस्पिनर राजेश चौहान कसोटीपर्यंत पोहोचले ते मध्य प्रदेशमार्गे. दुर्ग येथे जन्मलेला हरप्रीतसिंग भाटियाही आधी मध्य प्रदेशकडूनच खेळला. फेब्रुवारी २०१६ मध्ये मंडळाचे पूर्ण सदस्यत्व मिळाल्यावर त्या वर्षीच्या मोसमात छत्तीसगड रणजीत उतरला, तेव्हा कर्णधार म्हणून बोलावलेला मोहम्मद कैफ हाही उत्तर प्रदेश आणि आंध्र अशी घरे बदलून आलेला पाहुणाच होता. त्रिपुराविरुद्धचा पहिलाच सामना छत्तीसगडने जिंकला.

त्यानंतर प्रवाह उलटा वाहू लागला. भाटिया छत्तीसगडकडे आला आणि कर्णधारही झाला. भिलाईत जन्मलेल्या शशांक सिंगचा प्रवास तर नकाशावर रेघ ओढून पाहावा असा आहे. मुंबईत त्याने वर्षानुवर्षे घालवली, पण तेथील गर्दीत कायमची जागा मिळाली नाही. मग पुद्दुचेरी झाले आणि २०१९-२० मध्ये छत्तीसगडकडून त्याचे प्रथमश्रेणी पदार्पण झाले, तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. २०२३ च्या विजय हजारे स्पर्धेत मणिपूरविरुद्ध त्याने १५२ धावा करून पाच बळीही घेतले. जन्मभूमीच्या संघाला तेव्हाच मान्यता असती, तर ही वाट एवढी लांब झाली नसती.

चरोद्यासारख्या गावात यात आणखी एक पदर मिसळतो, तो नोकरीचा. रेल्वे स्वतःच रणजीतील एक संघ आहे आणि २००१-०२ तसेच २००४-०५ मध्ये तिने करंडकही जिंकला आहे. बीडमध्ये जन्मलेले संजय बांगर रेल्वेकडूनच नावारूपाला आले. महिलांच्या राष्ट्रीय एकदिवसीय स्पर्धेवर तर रेल्वेचे दीर्घकाळ वर्चस्व राहिले आहे, कारण ज्या काळात महिला क्रिकेटपटूला पोट भरण्याचा दुसरा मार्ग नव्हता त्या काळात रेल्वे पगार देत होती. क्रीडा कोट्यातून मिळणारी रेल्वेची नोकरी रेल्वे वसाहतीतील घरात किती मोलाची असते, हे सांगण्याची गरज नाही. पण ती स्वीकारणारा क्रिकेटपटू रेल्वेच्या संघाशी बांधला जातो. त्याला राज्याकडून खेळावयाचे असल्यास नोकरी देणाऱ्याचीच संमती लागते. अशा वेळी घरचा निर्णय बहुधा पगाराच्या बाजूने होतो आणि त्यात चूक काढता येणार नाही.

मैदानावरील जागेचाही रोखीत हिशेब होतो. मंडळाने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या दरांनुसार वीसपर्यंत सामने खेळलेल्या रणजीपटूला दिवसाला ४० हजार रुपये मिळतात. राखीव खेळाडूला त्याच्या निम्मे. चार दिवसांच्या एका सामन्यात हा फरक ८० हजारांचा होतो. तीन पाहुणे अंतिम संघात आले की स्थानिकांसाठी आठ जागा उरतात. पाहुण्याविरुद्धची कुरकुर केवळ प्रांताभिमानाची नसते, ती अशी घराच्या अंदाजपत्रकातूनही येते.

अमेरिकेने सोडलेली अट

परवानगीची ही पद्धत काढून टाकल्यास काय घडते, याचे उत्तर अमेरिकेतील महाविद्यालयीन बेसबॉलमध्ये मिळते. तेथेही खेळाडूंच्या स्थलांतराचा मुख्य काळ मोसम संपल्यानंतरचा उन्हाळाच असतो. पूर्वी दुसऱ्या विद्यापीठाशी बोलण्यासाठीसुद्धा खेळाडूला आपल्या विद्यापीठाची परवानगी लागे. ऑक्टोबर २०१८ मध्ये राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने ती अट काढली. आता खेळाडूने जाण्याचा इरादा कळविला की विद्यापीठाला त्याचे नाव सामायिक यादीत घालावेच लागते. एक वर्ष बाहेर बसण्याची सक्ती बेसबॉलपटूंसाठी २०२१ मध्ये शिथिल झाली आणि २०२४ पासून अभ्यासात पात्र असलेल्या खेळाडूला कितीही वेळा संघ बदलता येऊ लागला.

पॉल स्कीन्स हे त्याचे ठळक उदाहरण. हवाई दलाच्या अकादमीत शिकणारा हा गोलंदाज २०२२ च्या उन्हाळ्यात लुइझियाना स्टेट विद्यापीठात गेला. जून २०२३ मध्ये त्या विद्यापीठाने राष्ट्रीय विजेतेपद मिळविले आणि जुलैत व्यावसायिक संघांच्या निवड प्रक्रियेत पहिलेच नाव त्याचे पुकारले गेले.

या सुटीची किंमतही आहे. लहान विद्यापीठाने दोन वर्षे घडविलेला खेळाडू मोठे विद्यापीठ एका उन्हाळ्यात उचलून नेते. शालेय स्तरावरून येणाऱ्या नवख्या मुलाची स्पर्धा आता तीन मोसम खेळलेल्या एकवीस वर्षांच्या तरुणाशी असते. २०२५-२६ पासून नव्या व्यवस्थेत सामील झालेल्या विद्यापीठांच्या बेसबॉल संघात ३४ जणांची मर्यादा आल्यामुळे तर त्याचा मार्ग अधिकच अरुंद झाला आहे.

परवानगी की सूचना

भारतात ही पद्धत जशीच्या तशी आणल्यास छत्तीसगड, त्रिपुरा वा ईशान्येकडील राज्ये मोठ्या संघटनांची रोपवाटिका बनण्याचा धोका आहे. २०१८-१९ मध्ये नऊ नवे संघ एकदम रणजीत आले तेव्हा याच्या उलट घडले होते. अन्यत्र जागा न मिळालेले अनुभवी खेळाडू तिकडे गेले आणि पात्रतेच्या नियमांवरून वाद झाले. तीन पाहुण्यांची मर्यादा त्यामुळेच आवश्यक ठरते. ती काढण्याची मागणी मान्य होण्याजोगी नाही.

मात्र मर्यादा आणि परवानगी या दोन भिन्न गोष्टी आहेत. किती पाहुणे घ्यावेत हे नव्या संघाने पाळावयाचे बंधन आहे. जुन्या संघटनेची संमती हे खेळाडूवरचे बंधन आहे, आणि त्याचे समर्थन करणे कठीण आहे. ज्या संघटनेने खेळाडूला संघात घेतलेच नाही, तिने त्याला जाऊ द्यावे की नाही हे ठरवावे, यात न्याय दिसत नाही. निदान तेवीस वर्षांखालील आणि मागील मोसमात अंतिम अकरांत न उतरलेल्या खेळाडूंपुरते तरी परवानगीऐवजी सूचनेचे तत्त्व स्वीकारता येईल. विशिष्ट तारखेपर्यंत खेळाडूने लेखी कळवावे, संघटनेने ठरलेल्या दिवसांत पोच द्यावी आणि उत्तर न आल्यास संमती गृहीत धरावी. नियामक मंडळाकडे खेळाडूंच्या नोंदणीची व्यवस्था आहेच. तीत अर्ज कोणत्या दिवशी आला, कोणत्या दिवशी निघाला आणि नाकारला असल्यास कोणत्या कारणाने, हे तीन रकाने वाढविणे फारसे खर्चाचे काम नाही.