चर्चमध्ये तबला की गिटार? वाद सुरांचा कमी, विश्वासात घेण्याचा जास्त

दादर पश्चिमेला ‘पोर्तुगीज चर्च’ म्हटलं की टॅक्सीवाल्याला वेगळा पत्ता सांगावा लागत नाही. अवर लेडी ऑफ साल्व्हेशन हे त्याचं खरं नाव. इतिहास १५९६ पासूनचा, पण आजची इमारत १९७० च्या दशकातली, वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांची. भिंती बदलल्या, छप्पर बदललं, भाविक येत राहिले.

रविवारी आत जे घडतं, ते बदलणं मात्र इतकं सोपं नसतं. तिथे हात घातला की घराघरांत अबोला सुरू होतो.

भांडण कशावरून होतं?

- पेटी-तबला की गिटार-ड्रम?
- खाली बसायचं की बाकावर?
- ख्रिस्तप्रसाद हातावर घ्यायचा की जिभेवर?
- सकाळची सोयीची वेळ मराठी उपासनेला की इंग्रजीला?

बाहेरच्याला हे किरकोळ वाटेल. पण ज्या आजींनी आयुष्यभर एकाच चालीत गायलं, त्यांच्यासाठी चाल बदलणं म्हणजे मंडळीतली आपली जागा जाणं. आणि ज्या तरुणाला त्या चालीत काहीच सापडत नाही, तो भांडतही नाही. तो यायचं बंद करतो.

‘जुनी पद्धत’ही कधीतरी नवी होती

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढे भजन, अभंग, कीर्तन या अस्सल मराठी वाटांनी त्यांनी ख्रिस्तभक्ती गायली. पाश्चात्त्य चालींवर बेतलेली गीतं गाणाऱ्या मंडळ्यांसाठी हा मोठा बदल होता. आज त्यांची गीतं ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात आहेत आणि ‘आपली परंपरा’ म्हणून गायली जातात.

कॅथलिकांमध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) मिस्सासाठी लॅटिनच्या जोडीला लोकभाषांची वाट मोकळी केली. १९६९ मध्ये भारतासाठी १२ मुद्द्यांना रोमची मान्यता मिळाली. त्यात चपला बाहेर काढणं, खाली बसणं, हात जोडून नमस्कार, मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा, आरती असे बदल होते. ही परवानगी होती, सक्ती नव्हती. तरी वाद पेटला. काहींना हे हिंदू वळण वाटलं.

दलित ख्रिस्ती विचारवंतांचा आक्षेप आणखी टोकदार होता: हे भारतीयीकरण नेमकं कोणत्या भारताचं? ज्या देवळांतली आरती तुम्ही आणताय, त्यांची दारं आमच्या पूर्वजांना बंद होती. अहमदनगर भागातून मुंबईत आलेल्या अनेक मराठी ख्रिस्ती कुटुंबांची मुळं महार-मांग वस्त्यांत आहेत. त्यामुळे ‘यांना आपली संस्कृती नको’ असा शेरा मारून हा आक्षेप बाजूला सारता येत नाही. नकारामागे आठवण असते. ती आधी विचारावी लागते.

दोन वाद, दोन वाटा

पहिली वाट नागपूरची. २९ नोव्हेंबर १९७० रोजी तिथे सहा चर्च-परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. बाळाला बाप्तिस्मा द्यायचा की मोठेपणी स्वतः विश्वास जाहीर केल्यावर, हा मतभेद गिटारपेक्षा कितीतरी खोल होता. त्यांनी मतदान घेऊन एकाला हरवलं नाही. दोन्ही पद्धती मान्य केल्या. मात्र तिथवर पोहोचायला दशकानुदशकं चर्चा चालली.

दुसरी वाट कोचीची. सिरो-मलबार चर्चमध्ये धर्मगुरूने मिस्साच्या वेळी लोकांकडे तोंड करायचं की वेदीकडे, यावर २०२१ मध्ये एकसमान पद्धतीचा आदेश आला. एर्नाकुलममध्ये विरोध इतका वाढला की २०२२ च्या अखेरीस तिथलं कॅथेड्रलच बंद झालं. पुढे तडजोड झाली ती अशी: रविवारी किमान एक मिस्सा एकसमान पद्धतीने, बाकीच्या जुन्या पद्धतीने. म्हणजे फिरून फिरून दोन्हींना जागा द्यावीच लागली. फक्त मधे माणसं दुखावली गेली.

मग करायचं काय?

‘धर्मगुरू किंवा पाळक ठरवतील, चर्च म्हणजे काही सोसायटीची मीटिंग नाही,’ असं काही जण म्हणतात. त्यात तथ्य आहे. मिस्साचा मजकूर हात वर करून बदलता येत नाही. पण वाद्यं, गीतांची निवड आणि उपासनेची वेळ या गोष्टी स्थानिक पातळीवरच ठरतात. तिथे विचारायला काय हरकत आहे?

माझ्या मते तीन गोष्टी कराव्यात. हा श्रद्धेचा गाभा आहे की सवय, हे आधी वेगळं करावं. बदल जाहीर करण्याआधी ज्यांना तो बोचणार आहे, त्यांच्याशी घरी जाऊन बोलावं. आणि ‘तीन महिने करून बघू, मग पुन्हा बसू’ असं म्हणून शब्द पाळावा. पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात खाण्यापिण्याच्या वादावर हाच सल्ला आहे: आपण बरोबर असलो तरी भावाला ठेच लागेल असं वागू नये.

एक मर्यादा मात्र हवी. जातीनुसार वेगळी बसायची जागा, वेगळी दफनभूमी अशा प्रथा तमिळनाडूत काही ठिकाणी चर्चमध्येही होत्या. तिथे ‘दोन्ही बाजूंचं ऐकू’ चालत नाही. चालीबद्दल तडजोड होऊ शकते, माणसाच्या मानाबद्दल नाही.

बाकी सगळ्यासाठी पुढच्या कमिटीच्या बैठकीत मत मोजण्याआधी एवढंच पाहावं: आज खोलीत कोण आलेलं नाही?