करांच्या भिंतीत अडकलेला छंद

शिरूर - जपानी चित्रकथांमधील, म्हणजेच ‘मांगा’मधील, पात्रांच्या आणि जहाजांच्या प्लॅस्टिक प्रतिकृती स्वतःच्या हाताने जुळवून त्यांचा संग्रह करण्याचा छंद भारतातही रुजू लागला आहे. शिरूर किंवा दौंडसारख्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या संग्राहकापुढे मात्र अडचण केवळ दुकानाची नाही. देशी खेळणी उद्योगाला संरक्षण देण्यासाठी २०२० पासून आयात करात जी मोठी वाढ झाली, तिच्यात हा छंदही सापडला आहे. ज्या वस्तूच्या तोडीचे देशी उत्पादन जवळपास नाही, तिच्यावरही तेवढाच कर का, हा यातील मूळ प्रश्न आहे.

छंदाचे स्वरूप

मांगावर आधारित खेळणी आपल्याकडे नवी नाहीत. ताकाओ आओकी यांच्या चित्रकथेशी जोडलेला ‘बेब्लेड’ हा सुट्या भागांतून जुळवायचा भोवरा भारतात फनस्कूल कंपनीने विकला आणि शाळकरी मुलांनी तो डोक्यावर घेतला. जुळणी संच ही त्याच्या पुढची पायरी आहे. एइचिरो ओदा यांची ‘वन पीस’ ही चित्रकथा १९९७ पासून प्रसिद्ध होत आहे. तिच्यातील ‘गोइंग मेरी’ आणि ‘थाउजंड सनी’ या जहाजांचे संच बंदाई ही जपानी कंपनी काढते. अकिरा तोरियामा यांच्या ‘ड्रॅगन बॉल’मधील गोकूचेही संच उपलब्ध आहेत.

या संचात तयार बाहुली नसते. प्लॅस्टिकच्या चौकटींना चिकटलेले लहान लहान भाग कात्रीसारख्या चिमट्याने सोडवायचे, त्यांच्या कडा घासायच्या आणि नकाशाबरहुकूम एकमेकांत बसवायचे, असे हे काम असते. अनेक संचांना गोंद लागत नाही. हौशी मंडळी त्यावर रंगकामही करतात. साहजिकच या संचांच्या ग्राहकांत प्रौढांचे प्रमाण मोठे आहे.

करांची चढती भाजणी

खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० टक्के करण्यात आले. २०२३ च्या अर्थसंकल्पात ते ७० टक्क्यांवर गेले. व्यापारी आयातीत दोन हजार रुपये मूल्याच्या संचावर पूर्वी ४०० रुपये मूळ शुल्क पडत असे. ७० टक्के दराने ते १,४०० रुपये होते. वस्तू व सेवा कर आणि विक्रेत्याचा नफा त्यानंतर वेगळा. सप्टेंबर २०२५ मध्ये इलेक्ट्रॉनिक वगळता इतर खेळण्यांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. पण सीमाशुल्काच्या बोज्यापुढे हा दिलासा तोकडा आहे.

या धोरणामागील कारणे निराधार नव्हती. भारतीय गुणवत्ता परिषदेने २०१९ मध्ये केलेल्या तपासणीत आयात खेळण्यांचे सुमारे दोनतृतीयांश नमुने सुरक्षेच्या कसोटीवर उतरले नव्हते. स्वस्त चिनी मालापुढे देशी कारखानदार हतबल झाला होता. शुल्कवाढीच्या जोडीला १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचे प्रमाणपत्र सक्तीचे झाले. परिणामही दिसला. २०१८-१९ मध्ये ३० कोटी ४० लाख डॉलर असलेली खेळण्यांची आयात २०२१-२२ मध्ये ३ कोटी ६० लाख डॉलरवर आली. त्याच काळात निर्यात १० कोटी ९० लाखांवरून १७ कोटी ७० लाख डॉलरवर गेली. सरकारच्या दृष्टीने हे यशच म्हटले पाहिजे.

चौदा वर्षांची रेषा

विसंगती आहे ती पुढे. गुणवत्ता नियंत्रण आदेशात खेळण्याची व्याख्या चौदा वर्षांखालील मुलांपुरती आहे. बालकाच्या तोंडात जाणारा रंग आणि टोकदार कडा यांची चिंता तेथे रास्त आहे. सीमाशुल्काच्या वर्गवारीत मात्र अशी वयोमर्यादा नाही. तेथील ९५०३ या शीर्षकाखाली तीनचाकी सायकल, बाहुली, कोडी आणि लहान प्रमाणातील प्रतिकृती हे सारे एकत्र नांदतात. त्यामुळे प्रौढांसाठीचा जुळणी संच सुरक्षेच्या नियमात खेळणे ठरला नाही, तरी कराच्या नियमात तो खेळणेच राहतो.

अशा वेळी अधिकृत संच महाग झाला, की परवाना न घेता बनविलेल्या नकलांना वाव मिळतो. हलक्या प्लॅस्टिकचे, नीट न बसणारे भाग ग्राहकाच्या गळ्यात पडतात आणि मूळ चित्रकाराला व उत्पादकाला मोबदला मिळत नाही. ज्या निकृष्ट मालाला रोखण्यासाठी भिंत उभारली, त्यालाच मागील दार उघडे राहते.

रांजणगावला काय शक्य?

या प्रश्नाची दुसरी बाजू शिरूर तालुक्यातच आहे. पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरील रांजणगाव औद्योगिक वसाहतीत मोटारी, रेफ्रिजरेटर आणि इतर गृहोपयोगी उपकरणे तयार होतात. या उद्योगांना लागणारे प्लॅस्टिकचे भाग ज्या इंजेक्शन मोल्डिंग पद्धतीने बनतात, त्याच पद्धतीने जपानी जुळणी संच बनतात. रांजणगावच्या तिसऱ्या टप्प्यातील इलेक्ट्रॉनिक्स उत्पादन संकुलाला केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये मंजुरी दिली. २९७ एकरांवरील या प्रकल्पाचा खर्च सुमारे ४९३ कोटी रुपये असून, त्यातील सुमारे २०८ कोटी केंद्राकडून मिळायचे आहेत. शेजारच्या दौंड तालुक्यातील कुरकुंभची ओळख मात्र रासायनिक उद्योगांची आहे. म्हणजे या कामाला जवळची जागा रांजणगावचीच.

तथापि यंत्रे असली म्हणजे संच तयार होत नाहीत. जपानमधील शिझुओका शहराचे उदाहरण येथे बोलके आहे. तामिया कंपनीची सुरुवात तेथे १९४६ मध्ये लाकूड व्यवसायातून झाली. पुढे ती लाकडी प्रतिकृतींकडे आणि १९६० मध्ये प्लॅस्टिकच्या संचांकडे वळली. बंदाईनेही २००६ मध्ये आपले संच निर्मितीचे केंद्र याच शहरात उघडले. तेथील बळ साचे घडविणाऱ्या कारागिरांत आणि आरेखनकारांत आहे. गोंदाशिवाय घट्ट बसणारा भाग केसाएवढ्या फरकानेही बिघडतो. त्यामुळे सारा खर्च आणि कसब साच्यात असते. मूळ चित्रकथेचा परवाना हा त्यापुढचा अडसर. सीमाशुल्क वाढविल्याने यातील एकही गोष्ट आपोआप उभी राहत नाही.

२०२५ च्या अर्थसंकल्पात खेळण्यांसाठी उत्पादन समूह आणि कौशल्यविकासाची योजना जाहीर झाली. तिचा रोख अचूक साचेनिर्मितीकडे वळला, तर रांजणगावसारख्या वसाहतीला तिचा लाभ होऊ शकेल. दरम्यान, चौदा वर्षांवरील ग्राहकांसाठीच्या जुळणी संचांना शुल्काच्या वर्गवारीत स्वतंत्र स्थान देणे अवघड नाही. वयाची रेषा सरकारने दुसऱ्या आदेशात आखलेलीच आहे. तसे केल्याने देशी बाहुली किंवा लाकडी गाडी बनविणाऱ्याचे संरक्षण कमी होणार नाही. संरक्षणाचा उद्देश उद्योग वाढविण्याचा आहे. जेथे वाढवायला उद्योगच नाही, तेथे त्याची किंमत केवळ ग्राहक मोजत राहतो.