खंबीरपणाची खरी बैठक

रिक्त जागा भरावयाच्या नाहीत, उरलेल्यांवर काम लादावयाचे आणि वर ‘मन खंबीर ठेवा’ असा उपदेश करावयाचा, ही रीत शिक्षकांना आणि कारकुनांना नवी नाही. परंतु खंबीरपणा केवळ मनोनिग्रहाने येतो काय? मुंबईच्या गिरणगावात कामगारांसाठी खाणावळी चालविणाऱ्या स्त्रिया कष्टाला भीत नव्हत्या. तरीही सावकारी कर्जाने त्या पिचल्या होत्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिले. स्त्रिया परस्परांना जामीन राहिल्या आणि बँकेची दारे त्यांना उघडली. धैर्य त्यांच्यापाशी होतेच. उणीव होती ती आधाराची. सहनशक्तीचे धडे देणाऱ्यांनी प्रथम हा आधार उभारावा. सोसणाऱ्यांनीही एकेकट्याने सोसत न राहता एकत्र यावे.