चावरं कुत्रं म्हणजे राखणदार नव्हे

आज ऊस आणि दूध बाजूला ठेवून कुत्र्यावर लिहितोय. काहींना राग येईल, येऊ द्या.

आपल्या बारामती-इंदापूरकडं वस्त्यांवर एक पद्धत पडलीय. महिन्याचं पिल्लू आईपासून तोडून आणायचं, गोठ्याच्या कोपऱ्यात साखळीला बांधायचं आणि घरच्यांशिवाय कुणाला हात लावू द्यायचा नाही. का? तर म्हणे "कुत्रं तिखट झालं पाहिजे."

मीही हेच केलं. तीन वर्षांपूर्वी साखळी तुटली आणि माझ्या कुत्र्यानं ऊसतोडीच्या टोळीतल्या सहा वर्षांच्या पोराची मांडी फोडली. पोरगं माझ्याच सांगण्यावरून हौदावर पाणी भरायला आलं होतं. टाके पडले, इंजेक्शनं झाली, पोरगं बरं झालं. पण त्याच्या आईनं माझ्याकडं जे बघितलं ते अजून विसरत नाही. मी कुत्र्याला दोष दिला. खरा दोषी मीच. त्यानं जन्मात लहान मूल जवळून पाहिलंच नव्हतं. ज्याला आपण तिखट म्हणतो ते बहुतेक वेळा भ्यालेलं कुत्रं असतं.

पिल्लू साधारण तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यात जे बघतं, ते त्याला आपलं वाटतं. अमेरिकेत स्कॉट आणि फुलर यांनी बरीच वर्षं पिल्लांवर काम करून १९६५ साली यावर पुस्तक काढलं. त्यानंतर शिकवता येत नाही असं नाही, पण फार जड जातं. बांधणीला चुकलेला खताचा डोस तोडणीला टाकून ऊस वाढतो का? तसंच हे.

आपल्या धनगरांना हे पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. त्यांचं पिल्लू कोकरांत वाढतं, वाटेनं एसटी, बाजार, परकी माणसं बघत चालतं. ते मेंढराला तोंड लावत नाही, आणि रात्री वाघरीपाशी लांडगा आला की पहिलं तेच उठतं.

"सगळ्यांशी ओळख झाल्यावर राखण काय करणार?" असं विचारणारे भेटतात. अहो, दहा तऱ्हेची माणसं बघितलेल्या कुत्र्यालाच सकाळचा दूधवाला आणि रात्री दोनला मोटारीजवळ वाकलेला माणूस यातला फरक कळतो. राखण वयात आल्यावर येते. मारून, कोंडून आणावी लागत नाही.

आणि ओळख करून देणं म्हणजे मोकाट सोडणं नव्हे. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा आहेत, कडबनवाडीच्या माळावर चिंकारा आणि लांडगे दोन्ही आहेत. मोकाट कुत्री चिंकाऱ्यामागं लागतात आणि डिस्टेंपर, रेबीजसारखे रोग लांडग्यांत नेतात.

मग करायचं काय?

पिल्लू दोन महिने आईजवळ राहू द्या. त्या काळातही रोज हाताळा. घरी आणल्यावर रोज एक नवी ओळख द्या: लहान पोरं, हेल्मेटवाला माणूस, शेळी, कोंबडी, गुरांचे डॉक्टर. ट्रॅक्टर आधी बंद दाखवा, मग लांबून चालू. भ्यालं तर ओढू नका, मागं न्या, भाकरीचा तुकडा द्या.

सहा-आठ आठवड्यांपासून पार्व्हो-डिस्टेंपरची लस, तीन महिन्यांचं झालं की रेबीजची. पुढचे डोस डॉक्टर सांगतील तसे, चुकवू नका. लसी पुऱ्या होईपर्यंत कडेवर घेऊन फिरवा, मोकाट कुत्री जमतात तिथं खाली सोडू नका.

तरी कुणाला चावलंच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. हळद, चुना, मिरचीपूड लावत बसू नका. रेबीजची लक्षणं दिसल्यावर माणूस हाती लागत नाही.

दिवाळीच्या सुमाराला टोळ्या येतात, कोप्या पडतात. घरात पिल्लू असेल तर मुकादमाला आणि आयांना विचारून तिथं घेऊन जा. तुम्ही जवळ बसा आणि पोरांच्या हातून त्याला भाकरी खाऊ द्या. दुसऱ्या कुत्र्याच्या वेळी मी तेच केलं. रात्री ते आख्खी वस्ती जागी करतं. पण हौदावर पोरं आली की शेपटी हलवतं.