चौथ्या दिवसाचं तेल

तंजावरजवळच्या ओरत्तनाडूत सरफोजीराजे दुसरे यांनी आपली प्रेयसी मुक्तांबाळ हिच्या स्मरणार्थ छत्र, म्हणजे वाटसरूंसाठी धर्मशाळा, उभारलं; तिथे मुलं शिकतही. तंजावरच्या छत्रांविषयी राजांनी 1801 मध्ये इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहिलं. त्यात लिहिल्यानुसार परक्या वाटसरूंची अनाथ मुलं पंतोजींच्या हवाली होत. त्यांना तीन वेळा जेवण, दर चौथ्या दिवशी अंगाला तेल, आजारात औषध, आवडीची विद्या आणि पुढे लग्नाचा खर्चही! शाळेवर देखरेख म्हणतात ती हीच.

आज ती जबाबदारी आपली, पालकांची आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असायलाच हव्यात. समितीत असाल तर कोऱ्या इतिवृत्तावर सही करू नका. पुढच्या बैठकीला जा, खर्चाचा हिशेब मागा.