मान वाकडी होते, ती बाधा नव्हे



माझा विषय पिकांचा. पण घरचे माणूस अंथरुणाला खिळले, तर शिवारात लक्ष कसे लागणार? म्हणून आज थोडे वेगळे.

कपाशीवरील बोंडअळीसाठी एका वस्तीवर गेलो होतो. ओसरीवर अकरा वर्षांची मुलगी. पाय आत वळलेला, मान एका अंगाला ओढलेली. आजी म्हणाली, "सायेब, पोरीला बाहेरचं झालंय." अंगारे-धुपाऱ्यांत दोन वर्षे गेली होती, एक गायही विकली होती.

शहरातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी आजार ओळखला : डिस्टोनिया. यात मेंदूकडून स्नायूंना चुकीचे हुकूम जातात. स्नायू आपोआप आवळतात, पिळतात. बुद्धी मात्र बहुधा शाबूत असते.

उपचाराची पहिली पायरी औषधांची. काही मुलांना लेव्होडोपाच्या गोळीने नवल वाटावे इतका गुण येतो, म्हणून ती आधी देऊन पाहतात. दुखणे मानेपुरते असेल, तर बोटुलिनमची इंजेक्शने देतात.

या मुलीला गोळ्यांनी उतार पडला नाही. मग 'डीप ब्रेन स्टिम्युलेशन' ठरले. यात मेंदूत खोलवर बारीक तारा बसवतात आणि छातीवर कातडीखाली बॅटरीचे लहान यंत्र. सौम्य वीज सतत जाऊन चुकीचे हुकूम अडवते. ही आधुनिक पद्धत फ्रान्समधील ग्रेनोबल येथे डॉ. बेनाबिद यांनी १९८७ साली हातापायांच्या कंपासाठी वापरली. २००३ साली अमेरिकेत डिस्टोनियासाठीही तिला मर्यादित परवानगी मिळाली.

शस्त्रक्रियेनंतर महिनाभर फारसा फरक दिसेना. बाप खचला. मी म्हटले, "कलम बांधल्या दिवशी आंबा मागतोस का?" या आजारात गुण यायला आठवडे, कधी महिने लागतात. चौथ्या महिन्यात पोरीची टाच जमिनीला टेकली. आजार मुळासकट जात नाही. पण ती आता आपल्या पायांनी शाळेत जाते.

एवढे ध्यानात ठेवा. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, तार तुटणे हे धोके आधी समजून घ्या. बॅटरी संपली की दुखणे उलटते. ती बदलण्याचा खर्चही आधीच विचारा. यंत्र बसवलेल्याने डायाथर्मीचा शेक कधीही घेऊ नये, वेल्डिंगपासून दूर राहावे. आणि जमीन गहाण टाकण्यापूर्वी रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांना भेटा. धर्मादाय रुग्णालयांत गरिबांसाठी खाटा राखीव असतात.

पिकावर रोग दिसला की तुम्ही पान खुडून माझ्याकडे आणता. लेकराच्या बाबतीत मग उशीर का?