मोकळ्या नदीचा कित्ता

काठ बांधून सरळ केलेली नदी पुन्हा मोकळी करावयाचे ठरले, म्हणजे पहिलाच प्रश्न येतो तो असा की, ती मुळात होती तरी कशी? युरोपातील आल्प्स पर्वतात याचे उत्तर मिळणे दुर्घट झाले आहे. तेथील बहुतेक नद्या गेल्या दोन शतकांत कोंडल्या गेल्या. ईशान्य इटलीतील तालियामेन्तो ही मोठी नदी मात्र बरीचशी वाचली, आणि म्हणून संशोधक तिला कित्ता मानतात.

सुमारे १७० किलोमीटर लांबीच्या या नदीचे प्रवाह गोट्यांच्या विस्तीर्ण पात्रात वेणीच्या पेडांसारखे सुटतात व पुन्हा गुंफले जातात. काही ठिकाणी हे पात्र एक किलोमीटरहूनही रुंद आहे. तिच्या बेटांची जन्मकथा तर मोठी मौजेची! पुरात काठ ढासळून वाळुंज किंवा काळा पॉप्लर मुळांसकट उन्मळतो आणि पाणी ओसरताच गोट्यांवर अडकून पडतो. आपण त्याला ओंडका म्हणू. पण त्यात जीव असतो. खोडाला धुमारे फुटतात, आडोशाला वाळू व गाळ साचतो, वाहत आलेले बी तेथे रुजते आणि काही वर्षांत बेट उभे राहते. पुढे एखादा मोठा पूर ते घेऊनही जातो. (नदी ‘साफ’ करताना आपण आधी ओंडकेच उचलतो, हे जाता जाता सांगावयास हवे.)

जर्मनीत म्युनिक शहरातील इझार नदीचे ८ किलोमीटर पात्र २००० ते २०११ या काळात असेच मोकळे करण्यात आले. गोट्यांचे किनारे परतले. परंतु वरच्या अंगाला १९५९ साली पुरे झालेले धरण गोटे अडविते. तेव्हा नुसती जागा देऊन भागत नाही, दगडही पुरवावे लागतात.

आता लातिसाना गावाकडे वळू. समुद्राजवळ तालियामेन्तो बांधांमध्ये आवळली गेली आहे, आणि १९६५ व १९६६ च्या पुरांनी या गावाची दैना केली. तेव्हापासून वरच्या मोकळ्या भागात पुराचे पाणी अडविण्याच्या योजना पुनःपुन्हा निघतात. गावकऱ्यांचे भय खोटे नाही. तरीही खाली पात्र जेथे आवळले आहे तेथेच ते रुंद करता येईल काय, हे प्रथम पाहावे असे मला वाटते. अर्थात तेथे बांधांना खेटून घरे आहेत, आणि ती हलवा असे कोणी कोणाला सांगावे?